पाटणचा मठ आणि भास्कराचार्यांचे बीजगणित

बी.एस्सी.ला गणित घेतलेल्या विद्यार्थ्याला एके दिवशी फळ्यावर 'ग्रूप' भेटतो. त्याआधी बीजगणित म्हणजे समीकरण सोडवून क्ष शोधणे एवढेच त्याला ठाऊक असते. आता क्ष गायब होतो आणि चार नियम उरतात. दोन घटक एकत्र केले की त्याच जातीचा तिसरा मिळाला पाहिजे. कंस कुठेही टाकला तरी उत्तर बदलता कामा नये. काहीच न बदलणारा एक तटस्थ घटक हवा आणि प्रत्येक घटकाला त्याचा उलटा घटक हवा. याला अमूर्त बीजगणित म्हणतात. पुढे एम.एस्सी.ला गेल्यावर तोच ग्रूप वक्ररेषांवर, पृष्ठभागांवर, भूमितीच्या पुस्तकात पुन्हा दिसतो. हे चार नियम कोणी आणि कशासाठी काढले, आणि बीजगणिताचा भूमितीशी संबंध काय, हे प्रश्न बहुतेकांच्या मनात येतात आणि परीक्षेच्या धामधुमीत विरून जातात.

यातल्या दुसऱ्या प्रश्नावर आठशे-नऊशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारीच फार सखोल विचार झाला होता. जळगाव जामोदच्या माणसाने 'मी जळगावचा' म्हटले की ऐकणारा खान्देशातले जळगाव समजतो, हा रोजचा अनुभव. शेजारच्या जामोदचे नाव गावाला जोडले गेले ते याच गोंधळामुळे. आज मात्र आपल्याला खरोखरच त्या दुसऱ्या जळगाव जिल्ह्यात जायचे आहे.

चाळीसगावच्या नैऋत्येला, डोंगराच्या कुशीत पाटण आहे. आज लोक तिथे पाटणादेवीच्या दर्शनाला आणि गौताळ्याच्या जंगलासाठी जातात. तिथल्या एका शिलालेखात एका मठाला दिलेल्या दानाची नोंद आहे. हा मठ देवपूजेसाठी नव्हता, भास्कराचार्यांचा 'सिद्धान्तशिरोमणी' आणि त्यांच्या घराण्यातील इतरांचे ग्रंथ शिकवण्यासाठी होता. तो स्थापन केला भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने. चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा मुख्य ज्योतिषी होता. ऑगस्ट १२०७ मधील चंद्रग्रहणाच्या दिवशी निकुंभ घराण्यातील सोइदेव या सामंताने मठाला दान दिले. लेखाचा मोठा भाग संस्कृतात आहे, पण शेवटी जिथे व्यवहाराची बाब येते, बाजारातून मठाला काय मिळायचे ते सांगायचे असते, तिथे भाषा मराठी होते. दुकानदाराला आणि माल घेऊन येणाऱ्याला कळले पाहिजे ना! गणित शिकवणाऱ्या संस्थेचा खर्च बाजारपेठेने उचलायचा, ही व्यवस्था मराठीत दगडावर कोरून ठेवलेली आहे.

ज्यांच्या ग्रंथांसाठी हे सारे झाले, त्या भास्कराचार्यांबद्दल खात्रीने सांगता येते ते बरेचसे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. जन्म शके १०३६, म्हणजे इ.स. १११४. गोत्र शांडिल्य. गाव सह्याद्रीच्या आश्रयाचे विज्जडविड. वडील महेश्वर हे स्वतः विद्वान ज्योतिषी होते आणि तेच मुलाचे गुरू. विज्जडविड म्हणजे नेमके कोणते गाव यावर मात्र दीडशे वर्षे वाद चालू आहे. कोणी कर्नाटकातले विजापूर म्हणतो, कोणी बीड, तर कोणी पाटणचाच परिसर. प्रत्येक गावाला आपला भास्कराचार्य हवा आहे, यात गैर काही नाही. सह्याद्रीचा उल्लेख आणि पाटणचा लेख पाहता खान्देशाकडे पारडे झुकते, असे मला वाटते.

पाटणच्या लेखात घराण्याची वंशावळ दिली आहे. त्रिविक्रम, भास्करभट्ट, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर, मग आपले भास्कराचार्य, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव. यातल्या आधीच्या भास्करभट्टाला भोजराजाने 'विद्यापती' ही पदवी दिली होती, असे लेख सांगतो. म्हणजे हे नऊ पिढ्यांचे विद्येचे घर होते. सुताराच्या घरातले मूल जसे रंधा-पटाशी पाहत वाढते, तसा हा मुलगा श्लोक, पंचांग आणि शंकूच्या सावल्या मोजताना पाहत वाढला असणार.

वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे ११५० मध्ये, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत. 'लीलावती' हे अंकगणित आणि मोजमापाचे पुस्तक, 'बीजगणित' हे नावाप्रमाणेच, 'ग्रहगणित' ग्रहांच्या गतीचे आणि 'गोलाध्याय' खगोलाचे. सगळे पद्यात, कारण त्या काळी पुस्तक पाठ करायचे असे. पण भास्कराचार्यांना शिकवण्याची अडचण ठाऊक होती. श्लोकात नियम बसतो, नियमामागचे कारण बसत नाही. म्हणून त्यांनी आपल्याच ग्रंथावर गद्यात टीकाही लिहिली. तीत ते एक शिक्षक म्हणून बोलतात. उदाहरण घेतात, रीत मांडतात, ती का चालते ते सांगतात.

'लीलावती'तले एक उदाहरण पाहू. नऊ हात उंच खांबावर एक मोर बसला आहे. खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ आहे. साप बिळापासून खांबाच्या तिप्पट, म्हणजे २७ हात दूर असताना मोर त्याला पाहतो. साप बिळाकडे धावतो, मोर तिरपी झेप घेतो, दोघांनी कापलेले अंतर सारखेच. बिळापासून किती हातांवर दोघांची गाठ पडेल? उत्तर १२ हात. साप २७ मधून १२ वजा जाता १५ हात सरकला. मोराची झेपही १५ हात, कारण ९, १२ आणि १५ यांचा काटकोन त्रिकोण होतो. चित्र काढले तर हा भूमितीचा प्रश्न आहे, अज्ञात संख्या मानली तर बीजगणिताचा. शाळेत आपण यांचे दोन पेपर देतो, भास्कराचार्यांना तशी गरज वाटली नाही.

लीलावती हे नाव आले की एक गोष्ट येतेच. लीलावती ही त्यांची मुलगी, तिच्या लग्नाची घटिका मोजणाऱ्या पात्रात मोती पडला, मुहूर्त टळला आणि बापाने तिच्या सांत्वनासाठी पुस्तक लिहिले. गोष्ट सुंदर आहे, पण ती पहिल्यांदा भेटते अकबराच्या दरबारातील फैझीने १५८७ मध्ये केलेल्या फारसी भाषांतरात, म्हणजे चारशेहून अधिक वर्षांनी. मूळ पुस्तकात उदाहरणे वेगवेगळ्या व्यक्तींना उद्देशून आहेत. कुठे हरिणाक्षी मुलीला, कुठे मित्राला, कुठे व्यापाऱ्याला. त्यातून मुलीच्या लग्नाची हकिगत निघत नाही. गणित शिकवणारे कोणी असे गोड संबोधन वापरते याचे नवल वाटून लोकांनी गोष्ट रचली असेल. मोती आणि घटिकापात्र लोकांच्या लक्षात राहिले आणि मोराची झेप विसरली गेली, याचे मात्र वाईट वाटते.

खरा ऐवज आहे 'बीजगणित' या दुसऱ्या भागात. तिथे अज्ञात संख्यांना नावे आहेत. पहिली 'यावत्तावत्', म्हणजे जितकी असेल तितकी, पुढच्या रंगांच्या नावाच्या: कालक, नीलक, पीतक, लोहितक. लिहिताना या, का, नी, पी, लो अशी आद्याक्षरे. आपण क्ष आणि य लिहितो, ते काळा आणि निळा लिहीत. एखादी संख्या काय आहे हे ठाऊक नसतानाही तिच्याशी बेरीज-गुणाकार करता येतो, ही अमूर्ताकडे जाणारी पहिली पायरी. ती भास्कराचार्यांच्या आधीच चढलेली होती, आणि तसे ते स्वतः मान्य करतात. ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ या पूर्वसूरींचे ऋण ते नावानिशी नोंदवतात. वर्गसमीकरणात दोन्ही बाजू चौपटीने गुणून वर्ग पूर्ण करण्याची श्रीधराची रीत आज आपल्याला कळते ती भास्कराचार्यांनी ती नोंदवून ठेवली म्हणून. श्रीधराचा स्वतःचा बीजगणिताचा ग्रंथ हाती आलेला नाही.

याच भागात ते एक फार महत्त्वाचे विधान करतात. कोणत्याही रीतीची उपपत्ती, म्हणजे तिच्यामागचे कारण, सर्वत्र दोन प्रकारे देता येते. एक क्षेत्रगत, म्हणजे आकृतीतून, आणि दुसरी राशिगत, म्हणजे अक्षरांच्या आकडेमोडीतून. हे विधान ज्या प्रकरणात येते तिथले उदाहरणच घेऊ. दोन संख्या आहेत. पहिलीची चौपट, दुसरीची तिप्पट आणि वर दोन मिळवले की त्या दोन संख्यांचा गुणाकार मिळतो. त्या संख्या कोणत्या?

आकृतीने विचार करा. एक आयत काढा, त्याच्या बाजू म्हणजे त्या दोन अज्ञात संख्या. या आयतातून पहिल्या बाजूला लागून चार रुंदीची पट्टी कापली, दुसऱ्या बाजूला लागून तीन रुंदीची पट्टी कापली. कोपऱ्यातला तीन गुणिले चार, म्हणजे १२ चा तुकडा दोन्ही पट्ट्यांत आला. आता प्रश्नात म्हटले आहे की दोन पूर्ण पट्ट्या आणि वर दोन मिळून आयत होतो. म्हणून पट्ट्या कापून उरलेला लहान आयत २ आणि १२ मिळून १४ क्षेत्रफळाचा असला पाहिजे. त्याच्या बाजू पूर्ण संख्येत १ आणि १४, किंवा २ आणि ७. त्यात कापलेले तीन आणि चार परत मिळवले की उत्तरे मिळतात: ४ आणि १८, १७ आणि ५, ५ आणि ११, १० आणि ६. एखादी जोडी पडताळून पाहा. ५ ची चौपट २०, ११ ची तिप्पट ३३, वर दोन म्हणजे ५५. आणि ५ गुणिले ११ देखील ५५. हेच काम अक्षरांनी केले तर अवयव पाडण्याचे उदाहरण होते. चित्र पाहणाऱ्याला आकडेमोड का चालते ते कळते, आणि आकडेमोड करणाऱ्याला चित्र काढायला जागा पुरत नाही तिथेही पुढे जाता येते.

काटकोन त्रिकोणाच्या प्रमेयाचेही तसेच. युरोप-अमेरिकेतल्या गणिताच्या पुस्तकांत एक किस्सा सांगतात की भास्कराने एक आकृती काढली आणि खाली फक्त 'पाहा' एवढेच लिहिले. किस्सा म्हणून बरा आहे, पण 'बीजगणित' उघडले तर तिथे १५ आणि २० बाजूंचा त्रिकोण घेऊन रीतसर हिशेब आहे. असे चार त्रिकोण फिरवून मांडायचे, कर्णांचा एक मोठा चौरस तयार होतो, मधे एक लहान चौरस उरतो. लहान चौरसाची बाजू २० वजा १५ म्हणजे ५, क्षेत्रफळ २५. प्रत्येक त्रिकोणाचे क्षेत्रफळ १५०, चारांचे ६००. एकूण ६२५, म्हणून कर्ण २५. 'पाहा' म्हणून गप्प बसणारा गूढ पंडित आणि शेवटच्या ओळीपर्यंत हिशेब करून दाखवणारा शिक्षक यांत पुष्कळ फरक आहे. आपल्याकडेही पहिली प्रतिमाच अधिक मिरवली जाते.

त्यांचा शिक्षकी स्वभाव वानरांच्या उदाहरणात दिसतो. वानरांच्या एका कळपाचा पाचवा हिस्सा घ्या, त्यातून तीन वजा करा, त्याचा वर्ग करा, तितकी वानरे गुहेत गेली, एक फांदीवर दिसते आहे. कळप किती? समीकरण सोडवले की ५० आणि ५ अशी दोन उत्तरे येतात. दोन्ही समीकरणात बसतात. पण पाच वानरांचा पाचवा हिस्सा एक, त्यातून तीन वजा केले की उणे दोन. उणे दोन वानरे कोणी पाहिली आहेत? म्हणून भास्कराचार्य ५ हे उत्तर नाकारतात. व्यवहारातल्या ऋण संख्येवर लोकांचा विश्वास बसत नाही, असे त्यांचे कारण. वानरांच्याच दुसऱ्या एका उदाहरणात ४८ आणि १६ अशी उत्तरे येतात, तिथे मात्र ते दोन्ही स्वीकारतात. समीकरण काय म्हणते आणि प्रश्न काय विचारतो, हा भेद अजूनही परीक्षेत विद्यार्थी विसरतात.

आता सुरुवातीच्या ग्रूपकडे येऊ, कारण तो या पुस्तकात जवळजवळ आहेच. 'वर्गप्रकृती' नावाच्या प्रकरणात प्रश्न असा आहे: एका संख्येचा वर्ग करा, त्याला ८ ने गुणा, १ मिळवा, उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग यायला हवे. सोपे उत्तर लगेच सापडते. १ चा वर्ग १, आठपट ८, एक मिळवून ९, म्हणजे ३ चा वर्ग. ही जोडी ३ आणि १. मोठीला ज्येष्ठ आणि धाकटीला कनिष्ठ म्हणत. एक जोडी हाती आली की बाकीच्या शोधायला नकोत, बनवता येतात. त्यासाठी 'भावना' ही रीत आहे. ती मूळची ब्रह्मगुप्ताची, इ.स. ६२८ ची. दोन जोड्या शेजारी मांडायच्या. ज्येष्ठांचा गुणाकार करायचा, त्यात कनिष्ठांच्या गुणाकाराची आठपट मिळवायची, हा नवा ज्येष्ठ. मग तिरपे गुणाकार करून त्यांची बेरीज करायची, हा नवा कनिष्ठ. (३, १) ही जोडी स्वतःशीच जुळवली तर ९ अधिक ८ म्हणजे १७, आणि ३ अधिक ३ म्हणजे ६. पडताळा घ्या: ६ चा वर्ग ३६, आठपट २८८, एक मिळवून २८९, तो १७ चा वर्ग. (१७, ६) पुन्हा (३, १) शी जुळवली की (९९, ३५). अशा जोड्या संपतच नाहीत.

विद्यार्थ्याने फळ्यावरचे चार नियम इथे लावून पाहावेत. दोन जोड्या जुळवल्या की त्याच जातीची जोडी मिळते. तीन जोड्या कोणत्याही क्रमाने कंसात घातल्या तरी फरक पडत नाही. (१, ०) ही जोडी कोणालाच बदलत नाही. आणि (३, १) ला (३, उणे १) शी जुळवले तर परत (१, ०) मिळते. हा ग्रूप झाला. ब्रह्मगुप्त किंवा भास्कराचार्य 'ग्रूप' जाणत होते असे म्हणणे चूक ठरेल. नियमांना वस्तूंपासून सोडवून त्यांचा स्वतंत्र अभ्यास करणे एकोणिसाव्या शतकातले आहे. पण ज्या सामग्रीतून ती कल्पना निघाली, त्यातला एक उत्तम नमुना इथे आहे.

भूमिती कुठे आहे? आलेखाचा कागद घ्या. ज्येष्ठाचा वर्ग वजा कनिष्ठाच्या वर्गाची आठपट बरोबर एक, असे सगळे बिंदू मांडले की हायपरबोला नावाचा वक्र मिळतो. त्याची उजवी शाखा (१, ०) पासून सुरू होऊन वर-खाली पसरत जाते. आता (३, १) आणि (१७, ६) हे तिच्यावरचे दोन बिंदू एका सरळ रेषेने जोडा. ही रेषा १४ घरे उजवीकडे गेली की ५ घरे वर चढते. (१, ०) मधून हिला समांतर रेषा काढा. ती वक्राला पुन्हा जिथे छेदते तो बिंदू कोणता? ९८ घरे उजवीकडे, ३५ वर, म्हणजे (९९, ३५). पट्टीने समांतर रेषा ओढणे आणि भावना करणे ही एकच क्रिया आहे. भास्कराचार्यांनी हा वक्र काढला नव्हता. पण क्षेत्रगत आणि राशिगत अशा दोन वाटा सर्वत्र असतात, हे त्यांचे म्हणणे त्यांच्या कल्पनेपलीकडच्या ठिकाणीही खरे निघाले.

८ च्या जागी ६१ घातले की प्रश्न अवघड होतो. लहान संख्या घेऊन चाचपडत राहिले तर आयुष्य संपेल. भास्कराचार्यांनी मुद्दाम हेच उदाहरण घेतले आणि 'चक्रवाल' रीतीने सोडवले. कल्पना अशी की नेमका १ मिळवून वर्ग येत नसेल तर जवळपासचे काहीतरी घ्या. १ चा वर्ग गुणिले ६१, त्यात ३ मिळवले की ६४, म्हणजे ८ चा वर्ग. हा ३ नको आहे, पण सुरुवात झाली. आता योग्य गुणक निवडून भावना करायची आणि भागायचे, की तिथे वेगळी लहान संख्या येते. एका फेरीत (८, १) वरून (३९, ५) मिळते. ५ चा वर्ग गुणिले ६१ म्हणजे १५२५ आणि ३९ चा वर्ग १५२१, फरक उणे ४. चारचा फरक आला की ब्रह्मगुप्ताची जुनी युक्ती लागू होते आणि काही पावलांत शेवट गाठता येतो. कनिष्ठ २२,६१,५३,९८० आणि ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९. यांहून लहान उत्तरच नाही. चाकासारखी तीच क्रिया फिरत राहते, म्हणून नाव चक्रवाल.

फ्रान्समध्ये पिएर द फर्मा याने १६५७ मध्ये समकालीन गणितज्ञांना आव्हान म्हणून प्रश्न टाकले, त्यात हाच ६१ चा प्रश्न होता. भास्कराचार्यांनी तो पाचशे वर्षांपूर्वी सोडवल्याचे त्याला माहीत असण्याचे कारण नव्हते. आपल्याकडे ही हकिगत इथेच थांबवून टाळ्या घेतात. पण पुढचेही सांगायला हवे. चक्रवाल ही एकट्या भास्कराचार्यांची नव्हे. १०७३ मध्ये लिहिलेल्या उदयदिवाकराच्या टीकेत जयदेव नावाच्या आधीच्या गणितज्ञाची तीच रीत सापडली आहे, आणि हा शोध १९५४ मध्ये कृपाशंकर शुक्ल यांनी लावला. दुसरे म्हणजे, चाक फिरवत राहिले तर ते दर वेळी उत्तरापर्यंत पोचणारच, याची सिद्धता आपल्या ग्रंथांत नाही. कोणतीही वर्ग नसलेली संख्या घेतली तरी उत्तर असतेच, हे सिद्ध केले लाग्रांजने, १७६८ मध्ये. भास्कराचार्यांकडे उत्तम यंत्र होते आणि ते कधी अडकले नाही. ते अडकणार नाही हे का, हा प्रश्न विचारण्याची रीत मात्र दुसरीकडे रुजली. विद्यापीठातले अमूर्त बीजगणित याच प्रश्नावर उभे आहे, म्हणून विद्यार्थ्याला ते रूक्ष वाटते.

'गोलाध्याया'बद्दल थोडक्यात. गोलाचे पृष्ठफळ त्याच्या मोठ्या वर्तुळाच्या चौपट असते, हे ते गोलावर पट्ट्या पाडून समजावतात. ग्रहाची त्या क्षणाची गती काढण्याचा त्यांचा विचार कलनशास्त्राच्या उंबरठ्यापर्यंत जातो. पृथ्वी जड वस्तू आपल्याकडे ओढते, असेही ते म्हणतात. त्यावरून न्यूटनच्या आधी गुरुत्वाकर्षणाचा नियम सांगितला, असा संदेश दरवर्षी कोणीतरी मोबाइलवर पाठवतोच. ओढ असते ही कल्पना वेगळी आणि अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा नियम वेगळा. ज्यांनी स्वतःच्या पूर्वसूरींचे श्रेय काटेकोरपणे मोजून दिले, त्यांना न केलेल्या कामाचे श्रेय देऊन त्यांचा मान वाढत नाही.

११८३ मध्ये, ६९ व्या वर्षी, त्यांनी 'करणकुतूहल' लिहिले. पंचांग करणाऱ्यांना रोजच्या वापरासाठी हिशेब सोपे करून देणारे हे छोटे पुस्तक. तरुणपणी मोठा सिद्धान्तग्रंथ आणि उतारवयात लोकांच्या हाताशी राहील असे गाइड, हा क्रम मला आवडतो. पुढे मुलगा लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने पाटणहून नेऊन आपला मुख्य पंडित केले, आणि चांगदेवाने मठ काढला. त्या वेळी आजचा बुलढाणा जिल्हाही याच यादवांच्या राज्यात होता.

मठ राहिला नाही, पुस्तके राहिली. गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहून रीतींची कारणे दिली. फैझीच्या फारसी 'लीलावती'नंतर १६३४ च्या सुमारास अताउल्ला रशीदीने 'बीजगणित' फारसीत नेले. एडवर्ड स्ट्रॅचीने १८१३ मध्ये त्या फारसीवरून इंग्रजी केले. १८१६ मध्ये मुंबईत जॉन टेलरची इंग्रजी 'लीलावती' निघाली, आणि १८१७ मध्ये लंडनला कोलब्रुकने दोन्ही भाग संस्कृतातून थेट इंग्रजीत आणले. तोवर लाग्रांजची सिद्धता होऊन पन्नास वर्षे झाली होती. युरोपीय गणितज्ञांनी ६१ चे उदाहरण वाचले तेव्हा त्यांना त्यातून नवे गणित मिळाले नाही, मिळाला तो धक्का. पाटणचा शिलालेख जगापुढे आणला मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी, १८६५ मध्ये. व्यवसायाने ते डॉक्टर होते.

विसाव्या शतकात बीजगणित आणि भूमितीची गाठ इतकी पक्की झाली की तिचा स्वतंत्र विषय झाला, बैजिक भूमिती. हायपरबोलाच्या जागी घन समीकरणाचा वक्र घेतला तरी रेषा ओढून बिंदूंची बेरीज करता येते. त्यावर आधारलेली गुप्तलेखनाची पद्धत आज मोबाइलवरचे संदेश आणि पैशांचे व्यवहार सुरक्षित ठेवायला वापरतात. या विषयातले जगातले एक मोठे नाव म्हणजे श्रीराम अभ्यंकर. १९३० मध्ये उज्जैनच्या मराठी घरात जन्म, वडील गणिताचे प्राध्यापक, मुंबईत बी.एस्सी., १९५५ मध्ये हार्वर्डला ऑस्कर झरिस्की यांच्याकडे पीएच.डी., आणि पुढे जवळजवळ पन्नास वर्षे अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात. त्यांच्या पिढीतले बहुतेक जण अधिकाधिक अमूर्त होत गेले. अभ्यंकर मात्र शाळेतल्या बीजगणितावर, समीकरण हाती घेऊन त्याची उलथापालथ करण्यावर विश्वास ठेवून राहिले. वक्र किंवा पृष्ठभाग जिथे टोकदार होतो, स्वतःलाच छेदतो, अशा गाठी समीकरणे बदलून सोडवायच्या, हे त्यांचे काम. १९७६ मध्ये त्यांनी पुण्यात गणिताच्या संशोधनासाठी आणि शिकवण्यासाठी एक संस्था काढली आणि तिला नाव दिले भास्कराचार्य प्रतिष्ठान. ती आजही चालू आहे. अभ्यंकर २०१२ मध्ये गेले. मूळ संख्येच्या पटीत सगळे शून्य होते अशा अंकगणितात तीन मितींपर्यंतच्या गाठी त्यांनी, थोडे अपवाद सोडता, १९६६ पर्यंत सोडवल्या होत्या. चार आणि त्यापुढच्या मितींसाठी सर्वमान्य सिद्धता अजून कोणाकडे नाही.